पिकअपचा विमा: स्वस्त कोटेशनमधून काय काढलंय ते आधी बघा

आमच्या घरी दोन पिकअप आहेत. एक माझे यजमान चालवतात, दुसरी भाऊजी. गाड्या त्यांच्या, फायली माझ्या. आरसी, फिटनेस, पीयूसी, बँकेचे हप्ते आणि विमा, सगळं माझ्या कपाटात. विम्याची तारीख जवळ आली की महिनाभर आधीपासून मी कोटेशन मागवते आणि एकेक ओळ वाचते. ही सवय मला एका क्लेमने लावली.

पहिली गाडी घेऊन वर्षही झालं नव्हतं. पुढच्या ट्रकने एकदम ब्रेक मारला आणि आमची गाडी त्याच्या मागच्या लोखंडी पट्टीवर गेली. यजमानांना काही झालं नाही, पण गाडीचं तोंड पार आत गेलं. गॅरेजवाल्याने एस्टिमेट काढलं. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, त्याने तो कागद हौद्याच्या फाळक्यावर ठेवला आणि निळ्या पेनाने एकेका ओळीवर रेघ मारत गेला. बॉनेट, नाही. दोन्ही हेडलाइट, नाही. बंपर, नाही. मडगार्ड, नाही. रंगकाम, नाही. शेवटी रेडिएटर आणि आतला थोडा सपोर्ट एवढंच उरलं. मी म्हटलं, "अहो, आमचा फर्स्ट पार्टी आहे." तो म्हणाला, "ताई, फर्स्ट पार्टी आहे, पण तेवीस नाही."

हे तेवीस म्हणजे आयएमटी २३. पिवळ्या पाटीच्या, म्हणजे धंद्याच्या गाडीला साध्या फुल इन्शुरन्समध्ये दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेट, बाजूचे पत्रे, बंपर आणि त्या भागाचा रंग यांचे पैसे मिळत नाहीत. गाडी पूर्ण गेली तरच मिळतात. हे सगळं झाकायचं असेल तर आयएमटी २३ नावाचं जादा कलम घ्यावं लागतं. जुन्या टॅरिफमध्ये, म्हणजे सगळ्या कंपन्यांना बांधून दिलेल्या दरपत्रकात, त्याचा आकार ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्याच्या १५ टक्के होता. आमच्या एजंटने कोटेशन स्वस्त दिसावं म्हणून ते काढलं होतं. वाचले होते आठशेच्या आसपास रुपये. गॅरेजचं बिल त्याच्या कितीतरी पट आलं आणि ते आम्ही पदरचं भरलं. पिकअपचा अपघात बहुतेक वेळा पुढून किंवा कोपऱ्यावर होतो, म्हणजे नेमक्या याच भागांवर. म्हणून कोटेशन हातात आलं की एकूण रकमेकडे जाण्याआधी मी आयएमटी २३ शोधते. नसेल तर तो कागद बाजूला. हे कलम घेतल्यावरही घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, आणि पॉलिसीतली कपात होतेच, तेव्हा पूर्ण बिल मिळेल असं धरून चालू नका. पण क्लेमचा कागद नुसत्या रेघांनी भरत नाही.

आता स्वस्त कुठे मिळतं ते सांगते. हप्त्याचे दोन मोठे भाग असतात. पहिला थर्ड पार्टी. आपल्या गाडीने दुसऱ्याचा जीव गेला, कुणी जखमी झालं, कुणाचं नुकसान झालं, तर ती भरपाई यातून जाते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे हा भाग सक्तीचा आहे. याचा दर केंद्र सरकार ठरवतं, त्यामुळे तो सगळ्या कंपन्यांकडे सारखाच. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाच्या भाड्याच्या मालवाहू गाडीला हा दर १६,०४९ रुपये होता. आपल्या छोट्या पिकअप सगळ्या याच गटात बसतात. त्यावर जीएसटी वेगळा. "मी तुम्हाला थर्ड पार्टीत सूट देतो" असं कुणी म्हणालं तर तिथूनच उठा.

दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान: अपघात, आग, चोरी, पूर, दरड, दंगल. कंपन्यांची खरी चढाओढ इथे चालते. २००७ पासून हा भाग टॅरिफमधून मोकळा झाला, तेव्हापासून प्रत्येक कंपनी आपापली सूट देते. एकाच गाडीला एका कंपनीची सूट दुसरीच्या दुप्पट असते हे मी स्वतः पाहिलं आहे. काही कंपन्यांना मालवाहू गाडी नकोच असते, त्या मुद्दाम दर चढा देतात. म्हणून तीन-चार ठिकाणी विचारल्याशिवाय सही करू नका. निदान एक सरकारी कंपनी, दोन खासगी, आणि जुनी कंपनी तर असतेच.

मात्र ही कोटेशनं एका मापाने मोजली तरच तुलनेला अर्थ आहे. मी वहीच्या एका पानावर उभे रकाने पाडते: आयडीव्ही (गाडीची धरलेली किंमत), ओन डॅमेजचा हप्ता, आयएमटी २३, एनसीबीचे (क्लेम न केल्याच्या सवलतीचे) टक्के, ड्रायव्हर-क्लीनरचं कव्हर, मालकाचा अपघात विमा, आणि सगळ्यात खाली एकूण. मग एजंटला फोन करून सांगते, "सगळ्यांना आयडीव्ही एवढाच धरायला सांगितलाय, तुम्हीही तोच धरून परत पाठवा." अर्धी स्वस्ताई या एका फोनमध्ये उडून जाते.

आयडीव्ही म्हणजे विम्याच्या नजरेतली गाडीची किंमत. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, की हाच आकडा तुमच्या हातात येतो, त्यातून सक्तीची छोटी कपात होऊन. शोरूमच्या किमतीतून वयाप्रमाणे घसारा काढून तो ठरतो: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. पाच वर्षांनंतर तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. आयडीव्ही खाली आणला की हप्ता उतरतो, आणि एजंटला हे पक्कं ठाऊक असतं. गाडीवर कर्ज असेल तर बाकी कर्जापेक्षा आयडीव्ही कमी होऊ देऊ नका. गाडी गेली तर विम्याचा पैसा आधी बँक घेते आणि उरलेले हप्ते तुम्ही नसलेल्या गाडीचे भरत बसता.

हौद्याचं वेगळं सांगावं लागेल. बरेच जण गाडी घेतल्यावर बाहेरून उंच जाळी लावतात किंवा बंद बॉडी बांधून घेतात. तो खर्च कंपनीला कळवला नाही तर आयडीव्हीत तो धरलेलाच नसतो. भाऊजींच्या गाडीला बंद बॉडी केली तेव्हा मी बॉडीवाल्याकडून पक्कं बिल घेतलं, आरसीवर नोंद करून घेतली आणि पुढच्या पॉलिसीत बॉडीची किंमत वेगळी लिहून घेतली. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर त्याचंही तसंच. आरसीवर नोंद हवी आणि पॉलिसीतही हवी.

एनसीबी म्हणजे क्लेम न केल्याचं बक्षीस. ओन डॅमेजच्या हप्त्यावर पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एकदा क्लेम केला की पुन्हा शून्यावर. त्यामुळे चार-पाच हजाराच्या खरचटण्यासाठी मी क्लेम करत नाही. आधी हिशेब मांडते: घसारा आणि कपात जाऊन किती मिळणार, आणि एनसीबी गेल्याने पुढची दोन-तीन वर्षं किती जादा जाणार. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर एनसीबी जाते, हे लक्षात ठेवा. ती मालकाची असते, गाडीची नाही. जुनी पिकअप विकली तर पत्र घेऊन तुम्ही ती त्याच प्रकारच्या नव्या गाडीला लावू शकता. आणि सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी आधीच्या मालकाची एनसीबी आपली समजू नये. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत पॉलिसीही आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर ओन डॅमेजचा क्लेम अडकतो. क्लेम झालेला असताना "झाला नाही" असं लिहून एनसीबी घेऊ नका. कंपन्या आपापसांत तपासतात, आणि अडचण नेमकी गरजेच्या वेळी येते.

गाडीत बसणाऱ्या माणसांबद्दल मला जरा तळमळीने सांगायचं आहे. पिकअपच्या हौद्यात माणसं बसवून नेणं आपल्याकडे सर्रास चालतं. लग्न असो, जत्रा असो, शेतावर मजूर न्यायचे असोत. मालवाहू गाडीच्या विम्यात असे प्रवासी बसत नाहीत. मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा माणूस, आणि गाडीवर कामाला असलेले लोक, एवढ्यांचाच विचार होतो, तोही परवानगी असलेल्या सीटांपुरता. हौद्यातलं कुणी गेलं तर त्या घराला भरपाई मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टात झगडावं लागतं आणि शेवटी बोजा गाडीमालकावर येऊ शकतो. आमच्या घरी हा नियम आहे: हौद्यात माल, माणूस नाही.

पगारी ड्रायव्हर, क्लीनर आणि हमाल यांच्यासाठी जबाबदारीचं जादा कव्हर मिळतं. त्याचा हप्ता माणशी अगदी किरकोळ असतो, तो वाचवू नका. मालक स्वतः गाडी चालवत असेल तर १५ लाखांचा अपघात विमा सक्तीचा आहे. तुमच्याकडे दुसऱ्या गाडीवर किंवा स्वतंत्र असा तेवढ्या रकमेचा विमा आधीच असेल तर तो दुसऱ्यांदा घ्यावा लागत नाही. तसं लेखी कळवा. इथे खरोखर पैसे वाचतात.

गाडीतल्या मालाचा विमा मात्र या पॉलिसीत नसतो. पुष्कळांना हे नुकसान झाल्यावरच कळतं. महागाचा माल नेत असाल तर ट्रान्झिटचा विमा वेगळा, आणि तो कुणी काढायचा हे भाडं ठरवतानाच बोलून घ्या.

डबल केबिनच्या काही पिकअप, उदाहरणार्थ इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स, पांढऱ्या पाटीवर खासगी म्हणून पास होतात. त्यांचा विमा खासगी कारचा, थर्ड पार्टी बराच स्वस्त. पण ती गाडी भाड्याने माल न्यायला वापरली तर "वापराची मर्यादा" या कलमावर बोट ठेवून क्लेम नाकारला जाऊ शकतो. स्वस्त हप्त्यासाठी गाडीचा वापर खोटा सांगू नका, पासिंगचा पत्ताही बदलून सांगू नका. मालवाहू गाडीचा ओन डॅमेजचा दर नोंदणीच्या विभागाप्रमाणे ठरतो: मुंबईसारखी महानगरं अ विभागात, बाकी राज्यांच्या राजधान्या ब मध्ये, उरलेला मुलूख क मध्ये.

लायसन्सची काळजी बऱ्याच जणांना असते. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या गाडीचं, लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो. म्हणजे पिकअपवाल्याचा क्लेम फक्त "ट्रान्सपोर्टचा शिक्का नाही" म्हणून नाकारता येत नाही. पण लायसन्सची मुदत आणि गाडीचं फिटनेस संपलेलं नको. नव्या मालवाहू गाडीचं फिटनेस पहिली दोन वर्षं असतं, मग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दर वर्षी. या तारखा मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवल्या आहेत.

विमा संपलेली गाडी रस्त्यावर सापडली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दंड ४,०००. आणि खंड पडला की कंपनी गाडीची तपासणी केल्याशिवाय ओन डॅमेज देत नाही, तो दिवसही बुडतो.

पैसे भरल्यावर शेवटचं काम त्याच संध्याकाळी करायचं. बनावट पॉलिसीचे कागद बाजारात फिरतात, दिसायला अगदी खरे. कंपनीच्या वेबसाइटवर पॉलिसी नंबर टाकून बघा आणि काही दिवसांनी सरकारच्या एमपरिवहन ॲपमध्ये गाडीच्या नंबरावर विम्याची तारीख चढली का ते तपासा. मग पॉलिसीचा कागद उघडून इंजिन नंबर, चासी नंबर, एकूण वजन आणि बँकेचं नाव आरसीशेजारी ठेवून जुळवा, आयडीव्ही आणि आयएमटी २३ कोटेशनशी जुळवा. गेल्या वर्षी भाऊजींच्या पॉलिसीत चासी नंबरातला एक आकडा चुकला होता. कंपनीला मेल केला, तिसऱ्या दिवशी दुरुस्त कागद आला.