फराळाच्या ऑर्डरी एआयकडून मांडून घ्या
दिवाळीच्या तोंडावर व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येत राहतात: "ताई, भाजणीची चकली दीड किलो, अनारसे पाव किलो, धनत्रयोदशीला द्या." असे सगळे मेसेज चॅटजीपीटी किंवा जेमिनीत टाका आणि सांगा: 'नाव, पदार्थ, ग्रॅम, तारीख असा तक्ता कर. वजन किंवा तारीख स्पष्ट नसेल तिथे अंदाज करू नको, "विचारा" असं लिही.' हे शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं, नाहीतर एआय बिनदिक्कत आकडा ठोकून देऊ शकतं. पाऊण म्हणजे ७५०, दीड म्हणजे १५००, अडीच म्हणजे २५०० ग्रॅम, हेही लिहून द्या. फोन नंबर, पत्ते मात्र आधी काढून टाका. गिऱ्हाइकांनी ते आपल्या भरवशावर दिलेले असतात. एकूण किलोंची बेरीज कॅल्क्युलेटरवर स्वतः करा, मगच भाजणी दळायला टाका.