डोमेन महिनोन्‌महिने विकलं जात नाहीये? मंदीच्या काळात या चुका टाळा

मागच्या आठवड्यात नांदेडच्या एका मित्राचा फोन आला. माझ्यासारखाच तोही डोमेन, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याची नावं, घेऊन ठेवतो आणि पुढं विकतो. त्याच्याकडं शंभराच्या आसपास डोमेन आहेत, बहुतेक डॉट कॉम. म्हणाला, "दादा, आठ महिने झाले, एक विक्री नाही. माझी नावंच रद्दी आहेत का?" मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण त्याआधी दोन गोष्टी बघाव्या लागतात, हिशोब आणि सेटिंग. त्यानं दोन्ही बघितल्या नव्हत्या. मीही सुरुवातीची दोन वर्षं बघितल्या नव्हत्या.

मी लातूरला राहतो. आमच्या आबांची भुसाराची आडत होती, त्यामुळं भाव पडला म्हणून सोयाबीनची पोती घरात लावून बसलेली माणसं लहानपणापासून पाहिली. थांबायचं कसं हे मराठवाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. पण सोयाबीनचा भाव रोज दुपारी मोबाईलवर येतो. वाईट असला तरी कळतो. डोमेनला रोजचा भाव नसतो. गिऱ्हाईक येईपर्यंत आपल्या हातातला माल दहा हजारांचा की शून्याचा, हे कुणीच सांगत नाही. माणूस खचतो तो या न कळण्यानं, आणि खचलेला माणूस पुढं जे करतो त्यातच खरा पैसा जातो.

शांततेचा अर्थ "नावं वाईट" असा लावणं

या धंद्यातले जुने लोक असं धरून चालतात की शंभर बऱ्यापैकी नावांमागं वर्षाला एखाद-दोन विकली जातात. हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण त्याचे महिने करून कुणी बघत नाही.

बघू या. एक नाव वर्षभरात विकलं जाण्याची शक्यता 1 टक्का धरा. 100 नावं असूनही अख्खं वर्ष एकही न विकता जाण्याची शक्यता येते सुमारे 37 टक्के. म्हणजे असं खातं सांभाळणाऱ्या तिघांतल्या एकाचं वर्ष कोरडं जाणार, त्यानं काहीही चुकीचं केलेलं नसताना. शक्यता 2 टक्के धरली तरी कोरड्या वर्षाची भीती 13 टक्के उरतेच. आता नांदेडच्या मित्राचे आठ महिने घ्या. 1 टक्क्याच्या हिशोबानं आठ महिने रिकामे जाण्याची शक्यता 51 टक्के, 2 टक्क्यांच्या हिशोबानं 26 टक्के. ज्या गोष्टीवरून तो रात्रीची झोप घालवत होता ती नाणेफेकीइतकी साधी होती. आणि ज्यांच्याकडं 40च नावं आहेत त्यांनी तर तीनातली दोन वर्षं कोरडी जातील असं धरूनच पहिलं नाव घ्यावं.

हा हिशोब म्हणजे तुमच्या नावांना मिळालेलं प्रमाणपत्र मात्र नव्हे. चांगली नावं गप्प असतात तशीच वाईटही गप्प असतात. फरक ओळखायला विक्रीकडं न बघता तिच्या अलीकडं बघावं लागतं. नाव ब्राउझरमध्ये टाकल्यावर जे पान उघडतं त्यावर महिन्याला किती माणसं येतात? वर्षभरात पडेल भावाची का होईना, कुणी चौकशी केली का? तोच शब्द डॉट इन किंवा डॉट को वर घेऊन कुणी खरोखर धंदा करतंय का? त्या जातीची नावं आधी किती किमतीला गेली, हे नेमबायोसारख्या नोंदवहीत सापडतं का? चारही उत्तरं नकारार्थी असतील तर काळजी करा. त्यातलं एकही होकारार्थी असेल तर थांबण्याला काही आधार आहे.

महिन्यांचाही फरक पडतो. डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा अमेरिका-युरोप सुट्टीवर असतो. आपल्याकडं साधारण त्याच सुमारास येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, येते. त्या दिवशी लातूर-धाराशिवची बाजारपेठ ओस पडते, सगळे शेतात भज्जी-आंबिलीच्या पंगतीला. दुकानात गिऱ्हाईक का नाही म्हणून त्या दिवशी कुठला दुकानदार काळजी करत बसत नाही.

माल दुकानात मांडलाय का, हेच न तपासणं

ही चूक मी चार महिने केली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रिन्यूअल, म्हणजे नाव राखायची वर्षाची फी, स्वस्त पडतं म्हणून मी तीसेक नावं एका रजिस्ट्रारकडून, म्हणजे नावं नोंदवणाऱ्या कंपनीकडून, दुसरीकडं हलवली. हलवताना नेमसर्व्हर, म्हणजे नाव टाकल्यावर कुठलं पान उघडायचं ते ठरवणारं सेटिंग, बदलले गेले आणि माझ्या लक्षात आलं नाही. "हे नाव विक्रीला आहे" असं सांगणारं पान जाऊन तिथं कोरं पान दिसायला लागलं. ते चार महिने मी "मार्केट थंड आहे" असं सगळ्यांना सांगत होतो आणि मनातून पार उतरलो होतो. बाजाराचा त्यात काही दोष नव्हता, माझ्या दुकानाचं शटर खाली होतं.

म्हणून उत्साह संपलाय असं वाटलं की आधी एक संध्याकाळ काढा आणि प्रत्येक नाव स्वतः उघडा. घरच्या वायफायवर, रोजच्या ब्राउझरमध्ये नको, कारण तिथं जुनं साठवलेलं पान दिसू शकतं. मोबाईलच्या डेटावर उघडा. नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि न लावता, दोन्ही प्रकारे टाका. एचटीटीपीएसवर सुरक्षेचा इशारा येतोय का बघा. तो लाल इशारा पाहून पुढं जाणारं गिऱ्हाईक मला अजून भेटलेलं नाही. किंमत बरोबर दिसते का? एखादं शून्य जास्त पडलेलं नाही ना? मग दुसऱ्या ईमेलवरून स्वतःलाच चौकशी पाठवा आणि ती कुठं येते बघा. माझी स्पॅममध्ये येत होती.

सेडो आणि आफ्टरनिक या डोमेन विकायच्या ऑनलाइन बाजारांवर लिस्टिंग असेल तर तिथंही आत जाऊन बघा. रजिस्ट्रार बदलल्यावर मालकी पुन्हा पडताळून द्यावी लागू शकते, आणि फास्ट ट्रान्सफरची, म्हणजे विक्री होताच नाव आपोआप गिऱ्हाईकाकडं जाण्याच्या सोयीची, संमती नव्या रजिस्ट्रारकडं नव्यानं द्यावी लागते. तेच नाव एका ठिकाणी 2,000 डॉलरला आणि दुसरीकडं 3,500 ला लावलेलं असेल तर गिऱ्हाईक दोन्ही बघतं आणि दोन्हीवरचा विश्वास जातो. हे सगळं आज जास्त महत्त्वाचं झालंय, कारण मे 2018 मध्ये युरोपचा माहिती-संरक्षण कायदा लागू झाल्यापासून हूइज या, कुठलं नाव कुणाचं ते सांगणाऱ्या जाहीर नोंदीतले मालकाचे तपशील बहुतेक झाकलेले असतात. पूर्वी गिऱ्हाईक तिथून ईमेल काढून गाठायचं. आता नावावरचं पान हाच मुख्य दरवाजा उरलाय.

रिकाम्या हाताला काम म्हणून नवी नावं घेणं

विक्री नसली की रात्री अकरा वाजता सर्च बॉक्स उघडतो. एआय लावून काहीतरी, आपल्या गावाचं नाव लावून काहीतरी. एक नाव हजाराच्या आसपास, त्यात काय मोठं? खरेदी केल्यावर अर्धा तास बरं वाटतं, आपण धंदा करतोय असं वाटतं. मी याला धूळपेर म्हणतो. पाऊस येईल या आशेवर कोरड्या मातीत पेरायचं. आला तर साधलं, नाहीतर दुबार पेरणी. पण धूळपेर करणारा शेतकरी निदान आभाळ बघून करतो. आपण कंटाळा बघून करतो.

लाटेच्या मागं धावल्यानं काय होतं ते 2015-16 मध्ये दिसलं. चिनी गुंतवणूकदारांच्या मागणीनं चार अक्षरी डॉट कॉम नावांचे भाव झपाट्यानं चढले आणि 2016 मध्ये तितक्याच वेगानं खाली आले. शिखरावर घेतलेल्यांनी पुढं वर्षानुवर्षं रिन्यूअल भरलं.

माझा नियम साधा आहे. कोरड्या महिन्यात सुचलेलं नाव वहीत लिहायचं आणि सात दिवस थांबायचं. आठव्या दिवशी ते विकत घेऊ शकतील अशा तीन खऱ्या कंपन्या मला आठवल्या पाहिजेत. बहुतेक वेळा वही उघडली की आपण हे का लिहिलं तेच समजत नाही. या नियमापायी एखादं चांगलं नाव दुसऱ्यानं घेतलं असेलही. तो तोटा मी सोसतो.

रिन्यूअलकडं पाठ फिरवणं

मला सर्वांत जास्त बोचलेली चूक ही. मंदी लांबली की माणूस डोमेनचे ईमेल उघडायचाच बंद होतो. जगभरच्या डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमाप्रमाणं रजिस्ट्रारनं मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत सूचना द्यावी लागते. मला तिन्ही आल्या होत्या. कार्डाची मुदत संपलेली, त्यामुळं आपोआप होणारं रिन्यूअल अडकलं, आणि मी ईमेल बघत नव्हतो. माझ्या खात्यातलं सगळ्यांत चांगलं नाव गेलं. एका शब्दाचं होतं. आज ते एका चालू कंपनीच्या पाटीवर आहे.

वेळापत्रक पाठच करून ठेवा. डॉट कॉमची मुदत संपल्यावर रजिस्ट्रारनुसार काही दिवसांपासून कमाल 45 दिवसांपर्यंत सवलत असते, पण त्याच काळात अनेक रजिस्ट्रार नाव लिलावाला लावतात. मग 30 दिवसांचा रिडेम्प्शन काळ, तेव्हा परत घ्यायला मोठा दंड. त्यानंतर 5 दिवस पेंडिंग डिलीट, म्हणजे नाव पुसलं जायची वाट, तेव्हा कुणीच काही करू शकत नाही.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे सगळंच भरत राहणं. डॉट कॉमची मूळ नोंद सांभाळणाऱ्या वेरिसाइन कंपनीचा घाऊक दर 2021 च्या ऑगस्टपर्यंत एका नावाला वर्षाला 7.85 डॉलर होता, 1 सप्टेंबर 2024 पासून तो 10.26 डॉलर झाला. 100 नावांचे घाऊकातच हजार डॉलरच्या वर जातात. त्यावर रजिस्ट्रारचा नफा आणि देशी रजिस्ट्रार असेल तर 18 टक्के जीएसटी. रुपयात लाखाच्या घरातला हा खर्च विक्री होवो न होवो उभा राहतो, आणि आमच्याकडची बरीच पोरं तो पगारातून भरतात.

म्हणून मुदतीच्या तीन महिने आधी, डोकं थंड असताना, यादी तीन भागांत करा. ज्यांवर खरा भरवसा आहे ती पाच-दहा नावं एकदम काही वर्षांसाठी भरून टाका. डॉट कॉम जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंत भरता येतं. ज्यांना वर सांगितलेल्या चारही प्रश्नांना नकार मिळाला ती सोडा. आणि मधल्यांना एक वर्ष द्या, एकच. सोडलेल्या नावाकडं वळून बघू नका. मी बघायचो आणि त्या दुःखात परत दोन घ्यायचो.

किंमत मूडवर बदलणं

सोमवारी 4,000 डॉलर, शुक्रवारी उदास वाटलं म्हणून 900. नाव तेच, गिऱ्हाईकही अजून आलेलं नाही, मग बदललं काय? किंमत बदलायचीच तर सहा महिन्यांतून एकदा, सगळ्या यादीची, आणि कारण लिहून. पहिली ऑफर पडेल भावाची आली तरी अपमान समजू नका. कोरड्या महिन्यात तिच्यावर झडपही घालू नका. आडतीवर सौदा निघतो तेव्हा पहिल्या बोलीला कुणी पोतं उचलून देत नाही. शांतपणे आकडा सांगा, आणि व्यवहार एस्क्रोमधूनच, म्हणजे पैसे मध्ये तिसऱ्याकडं ठेवूनच, करा. गरजेत असलेला विकणारा फसवणाऱ्याला लगेच ओळखू येतो.

दुसऱ्यांच्या विक्रीवर आपलं वर्ष मोजणं

2019 मध्ये मायक्रोस्ट्रॅटेजीनं व्हॉइस डॉट कॉम 3 कोटी डॉलरला विकलं. ही बातमी वाचून किती जणांनी नोकरी सोडायचा विचार केला असेल! ते नाव त्या कंपनीकडं कित्येक वर्षं पडून होतं, हे बातमीत कुणी वाचत नाही. लोक झालेली विक्री जाहीर करतात, भरलेलं रिन्यूअल कुणी जाहीर करत नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी, भाव शिकण्यासाठी वाचा, तेवढं पुरे. ऑफर आली का हे बघायलाही दिवसातून दोन वेळा पुरतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा दिवस आपल्या संध्याकाळी सुरू होतो, त्यामुळं सकाळी एकदा आणि झोपण्यापूर्वी एकदा.

हताश होऊन आडवाटेला जाणं

याबद्दल मी कडक आहे. मंदीत कुणीतरी सुचवतं की प्रसिद्ध ब्रँडला शहराचं नाव जोडून डोमेन घे, कंपनी झक मारत येईल. कंपनी येते, पण वकिलाबरोबर. नावांवरचे ट्रेडमार्कचे वाद मिटवायला 1999 पासून यूडीआरपी ही पद्धत आहे, डॉट इनसाठी तशीच आयएनडीआरपी आहे, आणि दुसऱ्याच्या ट्रेडमार्कवर डोळा ठेवून घेतलेलं नाव तिथं टिकत नाही. पाचशे जणांना एकच मेसेज पाठवणंही करू नका. ज्याच्या धंद्याला ते नाव खरंच शोभेल अशा पाच जणांना, त्यांचं काम वाचून, चार ओळी लिहा. उत्तर नाही आलं तर एकदा आठवण, मग सोडून द्या.

घरापासून लपवणं

खर्च लपवला की मंदी दुप्पट जड होते, कारण रिन्यूअलच्या महिन्यात खोटंही बोलावं लागतं. मी आबांना शेवटी कागदावर सगळं दाखवलं. नावं, भरलेले पैसे, आलेले पैसे. हे कशाचं दुकान आहे ते त्यांना पुरतं कळलं नाही. पण कागद बघून म्हणाले, "माल हाय तर गिऱ्हाईक यील कवातरी. पर गोदामाचं भाडं मालातनंच निघतंय का, तेवढं बघ." तेव्हापासून मी रिन्यूअलसाठी वेगळं खातं ठेवलंय. विक्री झाली की आधी पुढच्या दोन वर्षांचं रिन्यूअल त्यात जातं, मग उरलेलं घरात येतं.

नांदेडच्या मित्रानं परवा रात्री बसून सगळी नावं उघडून पाहिली. अठरांवर पानच येत नव्हतं, ती त्यानं दुरुस्त केली. पस्तीस नावं सोडायची ठरवली, चार नावं पाच वर्षांसाठी भरली. ऑफर अजून आलेली नाही.