घाटासाठी सायकलचे गिअर हलके करताना

सिंहगडच्या रस्त्यावर पायथ्याचा गोळेवाडीचा नाका मागे पडला की थोड्याच वेळात सायकली डगमगायला लागतात. पॅडल मिनिटाला चाळीस फेऱ्यांच्या खाली गेलं की प्रत्येक फेरीला अख्खं वजन टाकावं लागतं, गुडघे आणि कंबर भरून येते आणि शेवटी माणूस खाली उतरतो. सराव हवाच, पण त्याआधी सायकलचे दात मोजा.

पुढच्या लहान चेनरिंगच्या (पॅडलजवळच्या दातेरी रिंगच्या) दातांना मागच्या चाकावरच्या सर्वांत मोठ्या चकतीच्या दातांनी भागा. रोडबाइकवर हमखास दिसणारी जोडी म्हणजे पुढे ३४, मागे २८. भागाकार १.२१. २८ मिमी टायरचं चाक एका फेरीत साधारण २.१३ मीटर जातं, म्हणजे पॅडलच्या एका फेरीला सायकल २.६ मीटर सरकते.

आता घाटाचा हिशेब. माणूस, सायकल, पाणी मिळून ८३ किलो आणि चढ ८ टक्के धरला, तर साधारण ७० न्यूटनचा विरोध होतो. सलग १५० वॅट देणारा माणूस या चढावर ताशी ७.७ किमीनेच जाणार, गिअर कोणताही असो. फरक पडतो तो पाय किती फिरतात यात. ३४-२८ वर मिनिटाला ५० फेऱ्या, ३४-३४ वर ६०, ३०-३४ वर ६८. १२ टक्क्यांच्या वळणावर हेच आकडे ३४, ४१ आणि ४७ होतात. लांब घाटात साठच्या आसपास पाय फिरत राहतील असा गिअर निवडा. वाईजवळच्या पसरणी घाटासारख्या मध्यम चढाला ३४-३२ पुरेल. सिंहगडला मागे ३४ च घ्या, दोन दात वाचवून काही मिळत नाही.

पुढे तीन चेनरिंग असलेल्या हायब्रिडवाल्यांनी आधी सर्वांत लहान रिंग खरंच वापरात आहे का ते बघावं. तिथे २४ किंवा २२ दात असतील तर गिअर आहेच, फक्त पुढचा डिरेलर (चेन एका रिंगवरून दुसरीवर ढकलणारा भाग) नीट लावलेला नसतो.

बदल मागून सुरू करावा, तो स्वस्त पडतो. मात्र चकती विकत घेण्याआधी मागच्या डिरेलरची मर्यादा तपासा. शिमानो कंपनीच्या डिरेलरच्या आतल्या बाजूला मॉडेल नंबरजवळ एसएस (आखूड पिंजरा) किंवा जीएस (त्याहून लांब पिंजरा) असं कोरलेलं असतं. पिंजरा म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा भाग. त्यांच्या १०५ या रोडबाइक संचाच्या आर७००० मालिकेत एसएस ३० दातांपर्यंत चालतो, जीएस ३४ पर्यंत. दुसरी मर्यादा एकूण क्षमतेची: पुढच्या दोन रिंगांतला फरक अधिक मागच्या मोठ्या-लहान चकतीतला फरक. ५०-३४ आणि ११-३४ चे होतात १६ अधिक २३, म्हणजे ३९. जीएस बरोबर ३९ झेलतो, एसएस फक्त ३५. डिरेलर बदलावाच लागला, तर ८ गिअरच्या शिमानो रोड शिफ्टरला (हँडलवरच्या गिअर बदलायच्या खटक्याला) माउंटन बाइकचा ८ गिअरचा लांब पिंजऱ्याचा डिरेलर जुळतो. १० गिअरपासून पुढे हा मेळ बसत नाही, कारण केबल ओढण्याचं प्रमाण वेगळं आहे.

चाक काढून बघा, फ्रीव्हील आहे (चकत्यांचा अख्खा गठ्ठा हबवर, म्हणजे चाकाच्या मध्यावर, आट्यांनी बसतो) की कॅसेट (चकत्या हबच्या खाचांवर सरकवून लॉकरिंगने आवळतात). ७ गिअरच्या स्वस्त सायकलींवर बहुधा फ्रीव्हील असतं, त्याला १४-३४ चा पर्याय मिळतो. ते पॅडल मारून मारून घट्ट बसलेलं असतं. त्याचं टूल व्हाइसमध्ये पकडा आणि चाकच स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवा. नवीन बसवताना आट्यांना ग्रीस लावा.

कॅसेटसाठी चेन व्हिप (चेनचा तुकडा लावलेला दांडा) आणि लॉकरिंग टूल लागतं. व्हिपने चकती धरा आणि पाना डावीकडे फिरवा. नवीन चकत्या चढवताना हबच्या खाचांकडे नीट बघा: एक खाच बाकीच्यांपेक्षा अरुंद असते, चकतीवरचा तसाच दात तिथेच बसतो. जुळला की चकती अलगद आत सरकते, ठोकावी लागत नाही. लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला घट्ट करा. कट-कट आवाज येत राहतो, तो लॉकरिंगच्या खाचांचा असतो, घाबरू नका. घट्ट केल्यावर चकत्या हलत असतील तर स्पेसर (अंतर भरणारी पातळ कडी) राहिला आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक चेनची. २८ च्या जागी ३४ लावून जुनीच चेन ठेवली तर ती आखूड पडते. मोठी रिंग आणि मोठी चकती अशी जोडी चुकून लागली की डिरेलर ताणला जातो, हँगर (डिरेलर जिथे फ्रेमला अडकतो तो तुकडा) मोडतो आणि पिंजरा आऱ्यांमध्ये शिरतो. म्हणून नवीन चेन डिरेलरमधून न नेता मोठ्या रिंगवरून आणि मोठ्या चकतीवरून गुंडाळा, टोकं जुळतात तिथून दोन कड्या जास्त ठेवून तोडा. झिजलेली चेन तशीही नव्या कॅसेटचे दात लवकर झिजवते. चेनचं मापक ०.७५ टक्के झीज दाखवत असेल, किंवा ११-१२ गिअरला ०.५, तर ती बदलायचीच.

यानंतर बी-स्क्रू, मागच्या डिरेलरचं चकतीपासूनचं अंतर ठरवणारा. सर्वांत मोठ्या चकतीवर चेन असताना वरची जॉकी व्हील (डिरेलरमधलं छोटं दातेरी चाक) चकतीला घासली तर उलटं पॅडल मारताना खरखर ऐकू येते. स्क्रू आत फिरवला की व्हील दूर जाते. साधारण ५-६ मिमी अंतर ठेवा. जास्त ठेवलं तर गिअर आळशी पडतात.

पुढच्या रिंगांना हात घालायचा तर आधी क्रँकच्या (पॅडल जोडलेल्या दांड्याच्या) बोल्टवर्तुळाचा, म्हणजे रिंग धरणारे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा, व्यास बघा. १३० मिमीच्या ५३-३९ क्रँकवर ३८ पेक्षा लहान रिंग बसत नाही आणि एका दाताने घाट हलका होत नाही. ११० मिमीवर सहसा ३४ ला थांबावं लागतं. त्याखाली जायला क्रँकच बदलावा लागतो. शिमानोच्या जीआरएक्स मालिकेतल्या ४६-३० क्रँकची चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून रिंगांचं अंतर) २.५ मिमी बाहेर असते, म्हणून पुढचा डिरेलरही त्याच मालिकेतला घ्या. हा खर्च सामान लादून फिरणाऱ्यांसाठी योग्य आहे, रविवारच्या घाटासाठी मागचे ३४ पुरतात.

घाटाला जाण्याआधी सायकल स्टँडवर घेऊन पॅडल फिरवत डिरेलर हाताने आत ढकला. चेन मोठ्या चकतीपलीकडे आऱ्यांकडे सरकली तर एल-स्क्रू (डिरेलरची आतली मर्यादा ठरवणारा) आत घ्या. नवीन केबल टाकली असेल तर शंभरेक किलोमीटरनंतर ती सैल पडते, तेव्हा बॅरल ॲडजस्टर (केबल ताणायची फिरकी) अर्धा फेरा बाहेर फिरवा.