पत्र्याचा जुना कूलर: धुवून चालवायचा की भंगारात द्यायचा?

होळी आटोपली की विदर्भात घरोघरी कूलर बाहेर निघतात, आणि बहुतेक घरांत काम उलट्या टोकाने सुरू होतं. आधी नव्या ताट्या (कूलरच्या बाजूंना लावायचे, पाण्याने ओले राहणारे पॅड) आणतात, बांधतात, पाणी भरतात. मग कळतं की टप गळतोय किंवा मोटर नुसती गुरगुरतेय. ताट्यांचे पैसे गेलेले असतात म्हणून पुढचा खर्चही ओढूनताणून केला जातो.

ताट्या, पंप, फ्लोट, पाण्याची नळी हा सगळा खर्ची पडणारा माल आहे. त्यातलं काही बिघडलं म्हणून कूलर बदलायचा नसतो. कूलर राहणार की जाणार, हे ठरतं टपाच्या पत्र्यावर, मोटरवर आणि वीज अंगावर येते का यावर. तपासणी तिथूनच सुरू करा, तीही मार्चच्या पहिल्या आठवड्यात. एप्रिल उजाडला की मिस्त्री मिळत नाही आणि मालाचा भाव चढतो.

टप पूर्ण कोरडा करा. पांढरा थर आणि गाळ तारेच्या ब्रशने खरवडून काढा. थराखाली पत्रा कसा आहे ते वरून दिसत नाही, म्हणून जुन्या स्क्रूड्रायव्हरचं टोक चारही कोपऱ्यांत, जोडाच्या शिवणीवर आणि पाय जिथे जोडलेत तिथे जोर लावून दाबा. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत आहे. टोक दबलं, पापुद्रे निघाले तर तो भाग गेला. एक-दोन टाचणीएवढी भोकं असतील तर एम-सील लावून हंगाम निघतो. पण शिवणीच्या कडेने वीतभर पत्रा कुजला असेल तर एम-सील, डांबर काही टिकत नाही. पाणी भरलं की पत्रा वाकतो आणि लावलेलं सुटून येतं. अशा वेळी पत्र्याचं काम करणाऱ्याकडून फक्त टप नवा करून घेता येतो. वरचा सांगाडा आणि जाळी शाबूत असेल तर हा खर्च करण्यासारखा आहे.

नुसता गंज असेल तर तो घासून रेड ऑक्साइडचा एक हात द्या, वाळू द्या, मग काळ्या डांबरी रंगाचे दोन हात. दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या. ओलसर पत्र्यावर दिलेला रंग महिन्याभरात फुगतो.

खिडकीबाहेर स्टँडवर टांगलेल्या कूलरकडे जास्त बारकाईने पाहा. 60 लिटरचा टप भरला की 60 किलो वजन पाण्याचंच होतं, वर पत्रा आणि मोटर वेगळी. वरच्या मजल्यावरच्या स्टँडचा अँगल किंवा भिंतीतला बोल्ट गंजला असेल तर तो बदलल्याशिवाय कूलर भरू नका.

आता वीज. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात. पाणी, लोखंड आणि अनवाणी पाय एकत्र आल्यावर तार कुठेही सोललेली पुरते. प्लग काढून ठेवा आणि मल्टिमीटर घ्या. प्लगची वरची जाड पिन आणि कूलरचा उघडा पत्रा (रंग खरवडून) यांच्यात रोध एक ओहमच्या आत हवा. जास्त आला तर अर्थिंगची तार तुटली आहे किंवा तिचा स्क्रू गंजला आहे. मग कूलरचं बटण चालू स्थितीत ठेवून फेजची पिन आणि पत्रा यांच्यात मोजा. तिथे मीटरने काहीच दाखवायला नको, म्हणजे रोध मोजण्यापलीकडचा हवा, शून्य नव्हे. काही किलोओहम जरी दिसले तरी मोटर किंवा पंप बॉडीला लागतोय. एकेक सुटा करून पुन्हा मोजलं की चोर सापडतो. घराच्या अर्थिंगची खात्री वायरमनकडून करून घ्या आणि कूलरच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) बसवा. नवा कूलर घेतला तरी हे दोन्ही लागतंच. पाणी भरताना प्लग काढायचा, हे महावितरण दर उन्हाळ्यात सांगतं. ते घरातल्या मुलांनाही शिकवून ठेवा.

मोटरची परीक्षा प्लग काढलेला असतानाच निम्मी होते. पंख्याची पाती बोटाने ढकला. पंखा सहज फिरून हळूहळू थांबला पाहिजे. दांडा धरून वर-खाली हलवला तर खेळ जाणवायला नको. खेळ असेल तर बुश किंवा बेअरिंग झिजलंय. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, जुनं घेऊन दुकानात गेलं की जोडीला जोड मिळतं. आता वीज द्या. मोटर गुरगुरते पण फिरत नाही आणि काठीने ढकलल्यावर चालते, म्हणजे बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो. जुन्यावर जितके मायक्रोफॅरड लिहिलेत तितक्याचाच नवा घ्या. वेग वाढेल म्हणून मोठा बसवला की वाइंडिंग तापतं. नव्या कंडेन्सरनंतरही अर्ध्या तासात मोटर हात ठेववणार नाही इतकी तापली किंवा करपल्याचा वास आला, तर वाइंडिंग गेलंय. रिवाइंडिंग तांब्याच्या तारेत होणार असेल तरच करा. ॲल्युमिनियमचं स्वस्त पडतं, पण मे महिन्यात रात्रभर चालणाऱ्या मोटरला ते टिकत नाही.

पंप मात्र दुरुस्त करू नका. 18-20 वॉटचा हा छोटा पंप पाण्यात बुडालेला असतो. त्याच्या सीलला तडा गेला की तोच शॉकचं मूळ होतो. तार कडक झाली असेल, कवच चिरलं असेल, तर सरळ नवा घ्या.

टप, मोटर, वीज तिन्ही बरी निघाली, तरी हवा गार येत नाही, अशी तक्रार राहते. ती नुसत्या हाताच्या अंदाजाने सोडवू नका. एक साधा खोलीचा तापमापक घ्या. दुपारी, कूलर जिथून हवा ओढतो तिथे सावलीत तापमान मोजा. समजा 42 अंश आलं. मग तापमापकाच्या फुग्याला ओलं सुती फडकं गुंडाळून टेबलफॅनच्या वाऱ्यात त्याच जागी पाच मिनिटं धरा. आकडा 23 वर स्थिरावला समजा. कूलर कितीही चांगला असला तरी याच्या खाली हवा नेऊ शकत नाही. आता फडकं काढा, फुगा कोरडा करा आणि कूलरच्या तोंडाशी मोजा. 28 आलं तर 19 पैकी 14 अंश उतरले, म्हणजे सुमारे 74 टक्के. हे चांगलं काम आहे. 33 आलं तर जेमतेम 47 टक्के, आणि दोष ताट्यांचा किंवा पाण्याच्या वाटपाचा. हवा गार आहे पण जोर नाही, तर दोष मोटरचा किंवा चोंदलेल्या ताट्यांचा. दोन्ही ठीक असून खोलीत चिकचिक होते, तर समोरची खिडकी बंद आहे. कूलरला हवा बाहेर जायला वाट लागतेच.

ही मोजणी पावसाळ्याच्या तोंडावर करू नका. जूनमध्ये ओल्या फडक्याचा आकडाच वर चढतो, त्यात कूलरचा दोष नसतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत हाच अनुभव बाराही महिने येतो. तिथे जुना कूलर बदलून नवा आणल्याने फरक पडत नाही.

पाण्याचं वाटप पाहायला दहा मिनिटं पंप चालवा आणि पंखा बंद ठेवा. ताटीवर कोरडे पट्टे दिसले तर वरच्या नळीची भोकं क्षाराने बुजली आहेत. बारीक खिळ्याने मोकळी करा. कोरड्या पट्ट्यातून गरम हवा तशीच आत येते, आणि हवेला ती वाट सोपी म्हणून तिथूनच जास्त येते.

वुडवूलच्या (लाकडाच्या बारीक तंतूंच्या) ताट्या धुवायच्या भानगडीत पडू नका, दरवर्षी नव्या लावा. हनीकोंब पॅड (पन्हळीदार कागदाच्या थरांचा) नीट सांभाळला तर तीनेक वर्षं जातो. त्याला अंगठ्याने दाबा. थर सुटत असतील, कागद लिबलिबीत झाला असेल तर बदला. क्षाराचा पापुद्रा फक्त कडेला असेल तर पॅड धुता येतो. पण पन्हळीच्या आतच दगड धरला असेल तर ॲसिडने क्षाराबरोबर कागदही जातो. धुण्यासाठी टपात 20 लिटर पाणी घ्या, त्यात 400 ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) विरघळवा, पंखा बंद ठेवून 45 मिनिटं पंप चालवा. मग पाणी सोडून द्या आणि साध्या पाण्याने दोनदा दहा-दहा मिनिटं फिरवा. लिंबूफुलाचं पाणी टपात रात्रभर ठेवू नका, पत्र्यावरचा जस्ताचा थर खातं. संडासाचं ॲसिड तर अजिबात नको. आणि ब्लीचिंग पावडर यात कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

पॅड परत बसवताना दिशा पाहा. बऱ्याच पॅडमध्ये एका बाजूच्या पन्हळी तिरक्या-उभ्या आणि दुसऱ्या जवळजवळ आडव्या असतात. जास्त उतार असलेल्या पन्हळी बाहेरच्या बाजूला, म्हणजे हवा जिथून आत येते तिकडे उतरत्या हव्यात. उलटं बसवलं तर खोलीत तुषार उडतात आणि लोक कूलर गळतो म्हणून मिस्त्री बोलावतात.

क्षार इतका साचतो कसा? मोठा कूलर कोरड्या हवेत तासाला 12 लिटरच्या आसपास पाणी उडवतो. दहा तासांत 120 लिटर. बोअरच्या पाण्यात लिटरला 600 मिलिग्रॅम क्षार असेल तर रोज 72 ग्रॅम क्षार टपात आणि ताट्यांवर राहतो. म्हणून नुसती भर घालत राहू नका, आठवड्यातून दोनदा टप पूर्ण रिकामा करा. त्यातल्या एका वेळी कडा घासून कोरडा होऊ द्या. डेंग्यूचा डास टपाच्या भिंतीला अंडी चिकटवतो, ती नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

आता हिशोब. टप कुजला आणि मोटरही जळली, असं दोन्ही एकत्र आलं तर कूलर भंगारात द्या. मोटर चांगली असेल तर ती काढून ठेवा. एकच गेलं असेल आणि दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीत बसत असेल, तर जुना ठेवा. प्लास्टिकच्या कूलरला टप चिरला की तसाच भाग मिळतोय का ते आधी विचारा. मिळत नसेल तर चिकटवलेली चीर भरलेल्या पाण्याखाली पुन्हा उघडते.

नवा घ्यायचाच झाला तर टपाच्या लिटरवर भुलू नका, हवेचा आकडा विचारा. 12 बाय 12 ची 10 फूट उंच खोली म्हणजे 1440 घनफूट, सुमारे 41 घनमीटर. खोलीतली हवा तासाला तीस वेळा बदलायला ताशी 1200 ते 1250 घनमीटरचा कूलर पुरतो. वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला किंवा पत्र्याच्या छपराखाली असाल तर एक माप वरचा घ्या. आणि दुकानातून निघण्याआधी, जुन्याच्या बाबतीत केली तशीच, प्लगची जाड पिन आणि बॉडी यांच्यातली मल्टिमीटरची तपासणी त्याच्या समोर करून घ्या.