कादंबरी आवडणाऱ्यांनी ललितेतर वाचनाकडे कसं वळावं

गावच्या वाचनालयात कादंबऱ्यांचं कपाट सगळ्यात जास्त हाताळलेलं असतं. शेजारच्या कपाटातली चरित्रं, इतिहास, निसर्ग, शेती यांवरची पुस्तकं मात्र कोरी करकरीत. माझं ठाम मत आहे की ज्याला रात्र रात्र जागून कादंबरी संपवता येते, त्याला हे दुसरं कपाटही वाचता येतं. वाचायची रीत तेवढी थोडी बदलावी लागते.

आधी प्रश्न धरा, मग पुस्तक

‘ज्ञान वाढवायचं’ म्हणून उचललेलं पुस्तक बहुधा अर्धवट राहतं. त्यापेक्षा रोज डोळ्यांसमोर असलेली एक गोष्ट घ्या आणि तिच्याबद्दलचा प्रश्न वहीत लिहा. यवतमाळ-अकोल्याकडचे असाल तर, आपल्या वावरात एवढी पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आली कुठून? या प्रश्नामागे गेलात की काळ्या मातीपासून निघून थेट अमेरिकेत पोचता. १८६१ ते १८६५ मध्ये तिथं यादवी युद्ध झालं, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी भाव चढला. वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांच्या हाती होताच. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. एका प्रश्नात शेती, इतिहास आणि व्यापार असे तीन विषय निघाले.

भंडारा-गोंदियाकडे धान पिकवणाऱ्यांसाठी माजी मालगुजारी तलाव आहे, म्हणजे पूर्वी गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातला तलाव. कोहळी समाजाने असे कितीतरी तलाव बांधले. पाणी कोणाच्या बांधीत (धानाच्या खाचरात) आधी जाणार हे कोण ठरवायचं? मालगुजारी गेल्यावर तलावाची देखभाल कोणाकडे आली? ज्या प्रश्नाने चैन पडत नाही, तोच पहिला घ्या.

माणसांपासून सुरुवात करा

कथेची सवय असलेल्या मनाला आत्मचरित्र सगळ्यात सोपं जातं. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ घ्या. पहिला भाग १९३४ मध्ये आला, पण भाषा आजही समोर बसून बोलल्यासारखी वाटते. आपल्याच विदर्भातलं हवं असेल तर प्रकाश आमटे यांचं ‘प्रकाशवाटा’ आहे. भामरागड तालुक्यातल्या हेमलकशात १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, त्याची ही हकीकत. मारुती चितमपल्ली वनखात्यात होते आणि नवेगावबांधच्या जंगलात त्यांनी बरीच वर्षं काढली. त्यांचं आत्मचरित्र ‘चकवाचांदण’ जाडजूड आहे, म्हणून ते दुसरं किंवा तिसरं घ्या.

त्यानंतर इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’. महाभारत सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे गोष्ट समजून घेण्यात शक्ती जात नाही. कुंती, गांधारी, द्रौपदी, कर्ण असं एकेक माणूस घेऊन बाई विचार कसा करतात, हे निवांत पाहता येतं.

‘हे याला कसं कळलं?’

हीच खरी पायरी आहे. कादंबरी वाचताना आपण ‘पुढे काय झालं?’ एवढंच विचारत असतो. इथं दर दोन-तीन पानांनी थांबून विचारायचं: हे लेखकाला कसं कळलं? स्वतः पाहिलं, कोणाकडून ऐकलं, कागदपत्रांत सापडलं, की नुसता अंदाज आहे? ‘युगान्त’मध्ये इरावतीबाई पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची संशोधित आवृत्ती (अनेक जुन्या हस्तलिखितांचे पाठ ताडून केलेली) समोर ठेवून बोलतात. म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला कुठला प्रसंग मूळ ग्रंथात नाही, हे त्या आधाराने सांगू शकतात. चितमपल्ली बहुतेक जागी डोळ्यांनी पाहिलेलं लिहितात. या दोन खात्र्या वेगळ्या आहेत, आणि हा फरक कळायला लागला की वाचनाला वेगळीच गोडी येते.

आपल्याकडे ही परंपरा फार जुनी आहे. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाचं मोठं स्थान. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी नागदेवाचार्यांना आणि इतर अनुयायांना विचारून विचारून गोळा केल्या, त्यातून ‘लीळाचरित्र’ झालं. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या गद्य ग्रंथांत त्याची गणना होते, आणि ते अशा विचारपूस करून मिळवलेल्या हकिकतींचं आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. भाषा जुनी असल्याने सुरुवात मात्र त्यावरून करू नका.

वहीचं एक पान उभं दुमडा. डाव्या बाजूला लेखकाचं म्हणणं एका ओळीत, उजव्या बाजूला त्याचा आधार. उजवी बाजू कोरी राहत असेल तर पुस्तकावर विश्वास ठेवायची घाई करू नका.

वेळ हंगामाप्रमाणे

पेरणीत आणि कापूस वेचणीच्या दिवसांत मोठं पुस्तक धरू नका. दोन-चार पानांचे लेख पुरेत. जाड ग्रंथ उन्हाळ्याच्या दुपारीसाठी राखून ठेवा. अनुक्रमणिका पाहून आपल्या प्रश्नाचं प्रकरण आधी वाचलं तरी चालतं, ही मोकळीक कादंबरीत नसते. कादंबरी बंद करायचीही गरज नाही. दिवसा हे, रात्री ते.

पुस्तकं कुठून आणायची

सार्वजनिक वाचनालयांना १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार सरकारी अनुदान मिळतं, तेव्हा हवं ते पुस्तक ग्रंथपालांकडे लेखी मागा आणि नवीन खरेदीच्या वेळी आठवण करून द्या. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर मंडळाची बरीच पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. मराठी विश्वकोशही मोबाइलवर फुकट वाचता येतो. वाचताना अडलेला शब्द, गाव किंवा राजवट तिथं शोधा. तालुक्याला गेल्यावर रेंज चांगली मिळते, तेव्हाच पुढची दोन पुस्तकं फोनमध्ये उतरवून ठेवा.