‘ब्रास’ म्हणजे नेमके किती?
घराच्या कामात ठेकेदार ‘ब्रास’ हा शब्द सहज वापरतात. मात्र वाळू, खडी किंवा मुरूम मोजताना एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर, तर गिलावा किंवा फरशीच्या कामात तोच शब्द १०० चौरस फूट क्षेत्र दाखवतो, हे पुष्कळांना दर ठरवून झाल्यावरच कळते.

वाळूची गाडी आल्यावर ती रिकामी होण्यापूर्वीच हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि वाळूची उंची टेपने फुटांत मोजावी. लांबी १०, रुंदी ५ आणि उंची २ फूट भरली, तर माल बरोबर एक ब्रास आहे. मध्यभागी ढीग आणि कडेला खळगा असेल, तर फावड्याने वाळू सपाट करून घेण्यात संकोच बाळगू नये. दमट वाळू फुगते आणि तिचे आकारमान कोरड्या वाळूपेक्षा पाचव्या हिश्श्याने, कधी त्याहूनही जास्त भरते, म्हणून ओल्या गाडीचे माप थोडे सावधपणेच धरावे.

गिलाव्याचा दर ठरवताना दारे-खिडक्यांचे क्षेत्र वजा होणार की नाही, हे कागदावर लिहून घ्यावे. भांडणे बहुधा इथेच होतात.

गिलाव्याचा माल कालवताना ठेकेदार म्हणतात ते ‘एकास सहा’ म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू, आणि हे प्रमाण आकारमानाचे असते. सिमेंटचे ५० किलोंचे पोते सुमारे सव्वा घनफूट भरते, त्यामुळे एका पोत्यामागे साडेसात घनफूट वाळू पडावी आणि ती फावड्याच्या अंदाजाने न टाकता घमेल्याने मोजून घालावी.