डब्यांच्या रंगाचे इंजिन: रंग देण्याआधीची तयारी

जुन्या मॉडेल रेल्वे इंजिनाला गाडीच्या डब्यांच्या रंगात आणायचे ठरवले, की पहिला निर्णय त्या इंजिनाला हात लावावा की नाही, हा असतो. मूळ रंग, क्रमांक आणि खोके शाबूत असलेल्या हॉर्नबी डब्लो या ब्रिटिश खेळण्यांच्या रेल्वेच्या इंजिनाचे संग्राहकांच्या लेखी मोल त्या मूळ रंगातच असते. त्यामुळे ज्याचा रंग पोपडे धरून निघाला आहे किंवा ज्यावर पूर्वीच कुणी ब्रश फिरवला आहे, असेच इंजिन या कामासाठी घ्यावे. ते रुळावर नीट धावते का, हेही आधीच पाहावे, कारण मोटरच्या दुरुस्तीसाठी रंगवलेली बॉडी पुन्हा उघडली की ओरखडे उमटतातच.

त्यानंतर बॉडी कशाची आहे ते तपासावे. 1938 साली बाजारात आलेल्या डब्लोच्या सुरुवातीच्या इंजिनांच्या बॉडी जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या होत्या. अशा जुन्या ओतकामाला बारीक तडे किंवा फुगवटा दिसला तर ते बाजूला ठेवावे, रंगाने तो दोष झाकला जात नाही. बॉडी प्लॅस्टिकची असेल तर जुना रंग काढायला अ‍ॅसिटोन किंवा साधा थिनर मुळीच वापरू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोल आतल्या कोपऱ्यावर लावून पाहावे आणि मगच पुढे जावे. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासणे टाळून वॉटर पेपर ओलाच चालवावा आणि तोंडावर मास्क बांधावा. भाग सुटे करताना प्रत्येक पायरीचा फोटो काढावा, स्क्रू छोट्या डब्यांमध्ये वेगवेगळे ठेवावेत आणि जिथून वीज वाहते त्या जागा कोऱ्याच राहतील अशी व्यवस्था करावी.

सर्वांत जास्त वेळ रंग जुळवण्याला द्यावा. रंग डब्बीवरच्या नावावरून न ठरवता समोरच्या डब्यावरून ठरवावा, आणि तोही डबा साबणाच्या कोमट पाण्याने पुसून घेतल्यावर, कारण वर्षानुवर्षांची धूळ आणि बोटांचा तेलकटपणा निळ्याला राखट आणि क्रीमला पिवळट करतो. तुलना सकाळच्या उजेडात खिडकीशी करावी. ट्यूबलाइटखाली एक वाटणारे दोन रंग उन्हात वेगळे दिसतात. प्लॅस्टिकच्या पट्टीवर तोच प्रायमर, तितकेच हात आणि तेच वार्निश देऊन नमुना करावा आणि रात्रभर वाळू द्यावा. करड्या प्रायमरवर क्रीम मळकट दिसतो, तेव्हा फिकट रंगाखाली पांढराच प्रायमर हवा. मिश्रणाचे प्रमाण थेंबांत लिहून ठेवावे आणि पुरेल एवढा रंग एकाच वेळी बनवावा. दुसऱ्यांदा तंतोतंत तोच रंग साधणे फार कठीण जाते.

भारतीय रेल्वेच्या गडद निळ्या, खिडक्यांशी फिकट निळा पट्टा असलेल्या डब्यांशी इंजिन जुळवायचे असेल, तर दोन्ही एकाच रुळावर जोडून उभी करावीत आणि रुळाच्या माथ्यापासून पट्ट्याची उंची मोजून बॉडीवर पेन्सिलीने खूण करावी. फिकट रंग आधी, गडद नंतर. मास्किंग टेपची मूळ कड धूळ धरते, म्हणून काचेवर ब्लेडने नवी कड कापून तीच लावावी आणि तिच्यावर आधी त्याच फिकट रंगाची हलकी फवारणी करावी, म्हणजे गडद रंग टेपखाली झिरपत नाही. बफर बीम (इंजिनाच्या टोकाची आडवी पट्टी), पायऱ्या आणि कठडे प्रत्यक्षात कसे रंगवतात हे पाहायचे असेल, तर मोतीबागेतले 2002 पासूनचे नॅरोगेज संग्रहालय इथे नागपुरातच आहे.

नागपुरात या कामासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ मला योग्य वाटतो. मे महिन्याच्या 45 अंशांच्या आसपासच्या उन्हात एअरब्रशमधून निघालेला रंग पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच अर्धा वाळून खरखरीत बसतो, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते. इतवारीच्या बाजारातून थिनर एकाच कंपनीचा आणि पुरेसा आणावा. 0.3 मिलिमीटरचा नोझल आणि 15 ते 20 पीएसआय दाब पुरतो. गच्चीवर काम करणार असाल तर जमिनीवर आधी पाणी शिंपडावे. क्रमांकांचे ट्रान्सफर (बॉडीवर चिकटवायचे छापील क्रमांक) आधीच आणून ठेवावेत. ते चकचकीत वार्निशवरच नीट बसतात.

धुतलेली बॉडी वाळल्यावर तिला उघड्या बोटांनी धरू नये; आतून लाकडी पट्टीवर अडकवावी आणि प्रायमरचा पहिला हात त्याच दिवशी द्यावा.